सुटका नको म्हणणारा कैदी: रोथेनबुर्गच्या रब्बींची केस

आधी केस सांगतो, मग बाकीचं. १२८६ साली जर्मनीतले त्या काळातले सगळ्यात मोठे ज्यू धर्मपंडित राजाच्या कैदेत पडले, समाज वर्गणी काढून त्यांना सोडवायला तयार होता, आणि ते स्वतःच म्हणाले की इतके पैसे माझ्यासाठी द्यायचे नाहीत. सात वर्षं किल्ल्यात काढली आणि तिथेच वारले. राजाकडच्यांनी नंतर १४ वर्षं प्रेतसुद्धा अडकवून ठेवलं, शेवटी एका माणसानी स्वतःच्या खिशातून पैसे भरले तेव्हा कुठे दफन झालं. ही गोष्ट साधारणपणे त्यागाची कथा म्हणून सांगतात, केवढा महान माणूस वगैरे. महान होतेच, त्यात वाद नाही. पण मला यात त्यागापेक्षा एक हिशोबाचा प्रश्न जास्त दिसतो, तो म्हणजे पैसे कोणाचे आणि नको म्हणायचा हक्क कोणाचा. ज्यू परंपरेत समाजाचं कर्तव्य आणि एकट्या माणसाची जबाबदारी यांचं नातं बघायचं असेल तर यापेक्षा चांगली केस मला तरी माहीत नाही.

माणूस कोण ते आधी बघू. रब्बी मेईर बेन बारूख, जन्म वॉर्म्सचा, १२१५ ते १२२० च्या दरम्यान कधीतरी. शिक्षण जर्मनीत आणि मग पॅरिसला. तिकडे असताना १२४२ साली फ्रान्सच्या राजाच्या हुकमाने तालमूदच्या, म्हणजे ज्यू धर्मकायद्यावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाच्या, हस्तलिखितांच्या २४ गाड्या भरून जाळल्या, छापखाना नव्हता तेव्हा, एकेक प्रत हाताने लिहिलेली. त्यावर या तरुणानी एक विलापगीत लिहिलं, ते जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा जो शोकदिवस असतो त्या दिवशी अनेक सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरांत, आजही म्हणतात. मग बव्हेरियातल्या रोथेनबुर्गला चाळीसएक वर्षं मुक्काम. तिथे बसून हे गृहस्थ अख्ख्या जर्मनीचं हायकोर्ट होते म्हणा ना. गावोगावचे ज्यू समाज आपले तंटे लिहून पाठवायचे आणि हे लेखी निकाल द्यायचे, हजाराच्या वर निकाल आज शिल्लक आहेत. त्यातले कितीतरी निव्वळ टॅक्सबद्दल आहेत, कोणी किती भरायचा, कोणी राजाशी परस्पर सेटिंग केलं तर चालतं का, गाव सोडून गेलेल्या माणसाकडून वसुली करायची का, असले. हे लक्षात ठेवा कारण पुढे टॅक्सच येणार आहे.

राजा म्हणजे हाब्सबुर्ग घराण्याचा रुडॉल्फ, १२७३ ला निवडून आलेला. त्याच्या आधी १२३६ साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनी जाहीर करून टाकलेलं की साम्राज्यातले ज्यू हे राजाच्या खजिन्याचे दास. ऐकायला भयंकर वाटतं पण त्यात संरक्षणाचा भागही होता, माझ्या मालकीच्या माणसांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा. अडचण अशी की मालकी म्हटलं की मालक पाहिजे तेवढं पिळू शकतो का, हा प्रश्न येतोच. ज्यूंचं म्हणणं आम्ही स्वतंत्र माणसं आहोत, ठरलेला कर देतो, पटलं नाही तर उठून दुसरीकडे जाऊ. रुडॉल्फचं म्हणणं तुम्ही माझे, तुमची मालमत्ताही माझी, उठून जाणारे तुम्ही कोण. आणि लोक खरोखरच उठून जायला लागले, माइंझ, श्पायर, वॉर्म्स, ओपेनहाइम, वेटराऊ या भागातून कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. डिसेंबर १२८६ मध्ये रुडॉल्फनी हुकूमच काढला की समुद्रापलीकडे गेलेल्यांची घरंदारं जप्त करा.

पण त्याच्या आधीच, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, रब्बी मेईर स्वतः बायको, मुली, जावई सगळ्यांना घेऊन निघाले होते. आल्प्स ओलांडून लोंबार्डीच्या डोंगरातल्या एका गावी थांबलेले, मागून येणाऱ्या लोकांची वाट बघत. तिथून नेमका बाझेलचा बिशप रोमहून परत चाललेला, आणि त्याच्या लवाजम्यात क्निपे नावाचा एक धर्म बदललेला ज्यू होता, त्यानी यांना ओळखलं. झालं. तिथला काउंट माइनहार्ड, त्यानी पकडून रुडॉल्फच्या ताब्यात दिलं. ज्यू पंचांगातल्या तमूझ महिन्याची ४ तारीख, आपल्या हिशोबानी जूनचा शेवट. आधी एका किल्ल्यात ठेवलं, मग आल्सासमधल्या एन्सिसहाइमच्या बुरुजात.

आता कायदा काय म्हणतो, कारण त्याशिवाय या माणसाचा नकार कळणारच नाही.

कैदी सोडवणं, हिब्रूत पिदयोन श्वुयीम, हे ज्यू धर्मात दानातलं सगळ्यात वरचं दान. तालमूदमध्ये त्याला थोर कर्तव्य म्हटलंय, आणि बाराव्या शतकातले मोठे कायदेपंडित रामबाम म्हणजे मायमोनिडीज तर सरळ लिहितात की यापेक्षा मोठं कर्तव्य नाही, कारण कैदी हा भुकेलाही असतो, उघडाही असतो आणि जिवाच्या धोक्यातही असतो, म्हणजे सगळ्या गरजा एकातच. नुसतं लिहून थांबले नाहीत, ११६९ च्या सुमारास इजिप्तमध्ये असताना क्रुसेडरांनी धरून नेलेल्या लोकांसाठी त्यांनी वर्गणीची पत्रंही फिरवली. कायदा किती बारीक जातो बघा: सिनेगॉग बांधायला जमवलेला पैसा कैद्यांसाठी वापरता येतो. लाकडं आणून टाकलीत, दगड घडवून ठेवलेत, तरी ते विकून टाका आणि माणूस सोडवा. फक्त एकदा इमारत उभी राहिली की मग ती विकायची नाही. आणि सोडवता येत असताना उशीर लावणारा हा जणू रक्त सांडतोय, असंही ज्यू कायद्याच्या कोडमध्ये लिहून ठेवलंय. लग्नाच्या करारातसुद्धा नवऱ्यावर ही जबाबदारी असते, बायको पकडली गेली तर सोडवून आणायची. म्हणजे हे कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलंच नाही, वर्गणी दिली नाहीस तर समाज तुझ्याकडून वसूल करू शकतो.

आणि याच्याच बरोबर, मिश्ना म्हणजे ज्या जुन्या कायदेसंग्रहावर तालमूद चर्चा करतं, त्याच्या गित्तिन भागात, एक ब्रेक लावून ठेवलाय. कैद्यांना त्यांच्या किमतीपेक्षा जास्त देऊन सोडवायचं नाही, जगाची घडी नीट राहावी म्हणून. का, तर तालमूदमध्ये दोन कारणं निघतात. एक, समाजावर बोजा पडतो, एका माणसासाठी अख्खा गाव भिकेला लागेल. दुसरं, पकडणाऱ्यांना चटक लागेल. आपल्याकडे म्हणतातच ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, अगदी तेच.

या दोन कारणांत फरक कुठे पडतो तेही तालमूदच विचारतं. एखादा श्रीमंत माणूस म्हणाला की मी माझ्या मुलीसाठी माझ्या पैशानी वाटेल ती रक्कम देतो, तर? बोजा हे कारण असेल तर देऊ दे की, समाजाचं काय जातंय. काळ सोकावतो हे कारण असेल तर त्यालाही मनाई, कारण उद्या चोर दुसऱ्याच्या दारात उभे राहतील. मग उदाहरण देतात लेवी बार दार्गा नावाच्या माणसाचं, त्यानी मुलीला १३,००० सोन्याचे दिनार मोजून सोडवलं. बघा, चालतं! त्यावर अबाये नावाचा तालमूदमधला पंडित म्हणतो, कोणी सांगितलं की त्यानी पंडितांना विचारून केलं? काय माहीत मनानीच केलं असेल. आणि चर्चा तिथेच सोडून दिलीय. मला हा प्रसंग फार आवडतो कारण कोणीही त्या बापाला चूक म्हणत नाही, फक्त त्याच्या वागण्यावरून नियम काढू नका एवढंच म्हणतात.

किंमत म्हणजे काय यावरही पुढे वाद झाले. गुलामांच्या बाजारातला भाव धरायचा, का बाकीच्या कैद्यांना जेवढ्यात सोडवतात तो? १६ व्या शतकात इजिप्तमध्ये रब्बी डेव्हिड इब्न झिम्रा यांनी दुसऱ्या बाजूनी कौल दिला, म्हणजे इतर लोकांचे कैदी ज्या भावात सुटतात त्या भावात सोडवायला हरकत नाही. आणि भाव खरोखर ठरलेला असायचा. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या अडगळीत जे हजारो कागद सापडले त्यात ११ व्या, १२ व्या शतकातला भूमध्य समुद्रावरचा रेट दिसतो, तीन माणसं १०० दिनारांना, म्हणजे माणशी ३३ आणि एक तृतीयांश. साध्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च तेव्हा दोनएक दिनार. म्हणजे सव्वा-दीड वर्षाचा खर्च, जड आहे पण जमवता येण्यासारखं.

आता रब्बी मेईरांचा आकडा बघा. कोल्मारच्या मठातल्या इतिवृत्तात १२८८ च्या नोंदीत येतं की ज्यूंनी राजाला २०,००० मार्क देऊ केले, रब्बींना सोडावं आणि ओबरवेझेल, बोपार्ड इकडे खोटे आळ घेऊन ज्यूंवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा द्यावी म्हणून. मार्क म्हणजे नाणं नाही, चांदीचं वजन, पाव किलोच्या जरा आतबाहेर. २०,००० मार्क म्हणजे साडेचार टनांच्या वर चांदी! आणि तुलना करायला एक कागद आहे, १२४१ ची साम्राज्याची करयादी, त्यात सगळ्या ज्यू समाजांचा मिळून कर ८५७ मार्क. म्हणजे तेवीसएक वर्षांचा कर एकदम, एका माणसासाठी. अर्थात त्यात हल्लेखोरांना शिक्षेची मागणीही होती, पण तरी.

या रकमेपुढे रब्बी म्हणाले, नको. किमतीपेक्षा जास्त देऊन कैदी सोडवायचा नाही.

हे आपल्याला कुठून कळतं? तर जवळजवळ तीनशे वर्षांनंतर पोलंडमधले रब्बी शलोमो लुरिया, महारशाल म्हणतात त्यांना, ते लिहितात की मी असं ऐकलंय. ऐकलंय, म्हणजे समकालीन पुरावा नाही. पण लुरियांनी पुढे जे लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे, कारण ते भारावून जात नाहीत, ते चक्रावतात. म्हणतात मला याचं आश्चर्य वाटतं, कारण नियमाला अपवाद आहेत ना! जिवाचा धोका असेल तर मर्यादा नाही असं मोठे मोठे भाष्यकार मानतात. आणि मोठा विद्वान असेल, ज्याच्यासारखा पिढीत दुसरा नाही, त्याच्यासाठी तर वाटेल तेवढं द्यावं, तालमूदमध्येच रब्बी येहोशुआंनी रोमच्या तुरुंगातला एक हुशार पोरगा प्रचंड रक्कम देऊन सोडवल्याची गोष्ट आहे. मग या गृहस्थांना एवढा नियम कसा माहीत नाही? माहीत होता, पण स्वतःला पिढीतला सगळ्यात मोठा विद्वान म्हणवून घ्यायचं नसेल, विनय असेल, असं धरलं तरी समाजाची गरज होती ना, त्यांच्याकडून शिकायचं होतं लोकांना. शेवटी लुरिया उत्तर काढतात की त्यांना भीती असणार, एकदा हे जमलं की प्रत्येक राजा आपापल्या मुलखातला मोठा पंडित उचलेल, समाजाकडे तेवढा पैसा उरणार नाही, आणि विद्याच बुडेल.

मला लुरियांचं उत्तर पटतं पण त्यांचं चक्रावणं जास्त पटतं. कारण बघा, इथे न्यायाधीशच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. दुसऱ्या कोणाची केस असती आणि गावानी पत्र पाठवून विचारलं असतं की आमचे गुरू कैदेत आहेत, किती द्यावं, तर याच माणसानी काय निकाल दिला असता? माझा अंदाज, द्या म्हणाले असते. अपवाद वापरायला अपवाद दुसऱ्यासाठी मागावा लागतो, स्वतःसाठी मागणं अवघड, आणि सार्वजनिक पैशातून मागणं तर त्याहून अवघड.

इथे एक बारकी गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही. १६ व्या शतकात सफेदला बसून योसेफ कारोंनी जो शुलखान आरूख नावाचा कोड लिहिला त्यात कैद्यांचं प्रकरण २५२ वं आहे. त्यात तीन गोष्टी जवळजवळ आहेत. समाजानी किमतीपेक्षा जास्त द्यायचं नाही. पण माणूस स्वतःला सोडवायला स्वतःचे कितीही देऊ शकतो. आणि ज्याच्याकडे पैसे आहेत पण जो स्वतःला सोडवून घ्यायला तयार नाही, त्याला त्याच्या मर्जीविरुद्धसुद्धा सोडवायचं, त्याच्याच पैशातून. म्हणजे परंपरा असं म्हणत नाही की तुझं शरीर, तुझा तुरुंग, तू बघ. चिकट माणसाला नको म्हणायचा हक्कच नाही. नको म्हणायला जागा उरते ती एकाच ठिकाणी, जिथे पैसे दुसऱ्यांचे आहेत. रब्बी मेईर नेमके त्याच जागी उभे होते, आणि तिथे त्यांनी आपलं वजन टाकलं.

आता दुसरी बाजू. विसाव्या शतकात इतिहासकार अर्विंग एगस यांनी हे निकाल सगळे चाळून वेगळाच अर्थ लावला. त्यांचं म्हणणं, भांडण रकमेचं नव्हतंच, भांडण होतं पावतीवर काय लिहायचं याचं. समाज म्हणत होता हे पैसे रब्बींच्या सुटकेची खंडणी म्हणून घ्या. राजाला ते कर म्हणून पाहिजे होते. एकदा कर म्हणून दिले की मान्य झालं, आम्ही तुझ्या खजिन्याचे दास, तू म्हणशील तेवढा कर बसवू शकतोस, आणि पुढच्या वर्षी परत बसव. मग रब्बींचा नकार हा फक्त दाम जास्त आहे असा राहत नाही, तो होतो की माझ्या नावावर तुम्ही पुढच्या सगळ्या पिढ्यांची गुलामी सही करून देऊ नका. हे वाचलं तेव्हा मला पूर्ण केस उलटी फिरल्यासारखी वाटली, कारण आयुष्यभर ज्यानी टॅक्सचे निकाल दिले त्याला ही फट दिसणार नाही असं होणारच नाही. दोन्ही अर्थ एकत्र बसतात असं माझं मत, लुरियांनी ऐकलेली गोष्ट आणि एगसांचा कर, कारण पिशवी एकच होती, समाजाची.

आणि अजून एक, हा निव्वळ माझा तर्क आहे, पटला तर घ्या. तेव्हाचा कर माणशी नसायचा, राजा गावावर एक आकडा टाकायचा आणि मग समाजानी आपसात वाटून घ्यायचा. सोसायटीत पाण्याचं मीटर एकच असतं आणि चार फ्लॅटवाले सोडून गेले तरी बिल तेवढंच येतं, उरलेल्यांच्या अंगावर, तसं. म्हणजे गाव सोडून जाणारा प्रत्येक माणूस मागे राहिलेल्यांचा वाटा वाढवून जातो. रब्बी मेईर स्वतः निघालेले होते. कुटुंबासकट, सगळ्यात प्रतिष्ठित माणूस, आणि त्यांच्या मागे अजून लोक निघणार होते. राजकीय निषेध म्हणून गेले असतील, जीव वाचवायला गेले असतील, काही असो. पण पकडले गेल्यावर मागे राहिलेल्यांना म्हणायचं की आता माझ्यासाठी अजून साडेचार टन चांदी काढा? मला वाटतं ते त्यांच्या तोंडून निघालं नसतं. कुठल्या ग्रंथात हे लिहिलेलं नाही, पण ज्या माणसानी गाव सोडणाऱ्यांच्या कराचे निकाल दिले त्याच्या डोक्यात हा हिशोब आला नसेल हे पटत नाही.

कैदेत हाल होते असं नाही, म्हणजे साखळदंड वगैरे चित्र काढतात तसं नसावं, कारण विद्यार्थी भेटायला जायचे, शिमशोन बेन त्सादोक नावाच्या शिष्यानी तर तिथे राहून त्यांच्या सवयी, ते काय खाताना काय म्हणायचे, मेणबत्ती कधी लावायचे, इथपर्यंत टिपून ठेवलंय. निकालही तिथूनच लिहीत होते, ग्रंथ हाताशी नाहीत अशी तक्रार करत करत. म्हणजे समाजाचं काम थांबवलं नाही, फक्त समाजाचा पैसा घेतला नाही.

रुडॉल्फ १२९१ ला मेला. वाटलं असेल आता सुटतील, पण नाही. पुढचा राजा आडोल्फ आला, त्यालाही पैसा पाहिजेच होता. १२९३ च्या वसंतात, इय्यार महिन्याच्या १९ तारखेला, रब्बी गेले. आणि मग तो प्रकार, प्रेत द्यायला नकार. जिवंतपणी खंडणी मिळाली नाही ना, मग आता मेल्यावर. ज्यूंमध्ये दफन होता होईल तो त्याच दिवशी करायचं असतं, उशीर हा मृताचा अपमान, त्यामुळे दबाव किती असेल कल्पना करा. तरी समाजानी सार्वजनिक पैसा काढला नाही. का काढला नाही, घाबरून, गरिबीमुळे, का गुरूंचा शब्द पाळायचा म्हणून, हे कागद सांगत नाहीत. मधल्या काळात १२९८ ला रिंटफ्लाइशच्या टोळ्यांनी फ्रांकोनियातले ज्यू समाजच्या समाज कापून काढले, रोथेनबुर्गसुद्धा. त्यांचे पट्टशिष्य आशेर बेन येहिएल, वाटाघाटीत जामीन राहिले होते असं सांगतात, आपलीही तीच गत होईल या भीतीनी १३०३ ला जर्मनी सोडून निघाले आणि १३०५ पर्यंत स्पेनमध्ये तोलेदोला पोचले. तिथे त्यांच्या मुलानी, याकोवनी, जो कायद्याचा ग्रंथ रचला त्याच्याच आराखड्यावर पुढे कारोंचा तो शुलखान आरूख उभा आहे, कैद्यांच्या २५२ व्या प्रकरणासकट. एका कैदेचे परिणाम कुठवर गेले बघा.

१३०७ ला फ्रांकफुर्टचा एक धनिक पुढे आला, अलेक्झांडर बेन शलोमो विम्फेन. त्यानी स्वतःची मोठी संपत्ती ओतून प्रेत सोडवलं आणि वॉर्म्सला आणून दफन केलं, इच्छा एकच, मला त्यांच्या शेजारी जागा द्या. त्याच वर्षी तोही गेला आणि खरंच शेजारी पुरला. दोन्ही दगड वॉर्म्सच्या कब्रस्तानात अजून आहेत, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलेले खडे, चिठ्ठ्या. श्पायर, वॉर्म्स आणि माइंझचा हा सगळा ज्यू वारसा २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आला. रब्बींच्या दगडावर स्तुती फार नाही, तारखाच आहेत: रोमच्या राजानी (म्हणजे रुडॉल्फनीच) अमुक दिवशी धरलं, अमुक दिवशी कैदेत वारले, आणि अमुक दिवसापर्यंत दफन करू दिलं नाही. एखादा पंचनामा लिहावा तसं.

विम्फेन चुकला का? कायद्यानी बघा. बोजा हे कारण धरलं तर त्याचं काही चुकलं नाही, स्वतःचा पैसा. काळ सोकावतो हे धरलं तर चुकला, कारण राजाला कळलं की प्रेतालाही भाव मिळतो. म्हणजे लेवी बार दार्गाचाच प्रश्न हजार वर्षांनी परत. पण या वेळी कोणी अबाये उठून विचारत नाही की पंडितांना विचारून केलंस का. शेजारी जागा दिली, नाव आदरानी घेतात. माझ्या मते परंपरेनी इथे न बोलता निकाल दिलाय, की मर्यादा ही वर्गणीच्या पेटीला आहे, एकट्या माणसाच्या खिशाला नाही.

जाता जाता आपल्याकडचं एक. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, १७९६ चं, शार हाराहामीम, तेही एका सुटलेल्या कैद्यानीच बांधलंय. सॅम्युअल एझेकिएल दिवेकर, आपल्या कोकणातले बेने इस्रायल, कंपनीच्या फौजेत होते, दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले आणि सुटले तर सिनेगॉग बांधीन असा नवस बोलले अशी समाजात आठवण आहे. टिपूच्या आईनी बेने इस्रायल हे नाव ऐकून सोडायला लावलं असंही सांगतात, ती दंतकथा धरा. इथे कोणी वर्गणी काढून सोडवलं नव्हतं, पण सुटल्यावर माणसानी समाजाचं देणं लागतो असं मानलं आणि ते दगडविटांत फेडलं, मुंबईच्या मांडवी भागातल्या ज्या रस्त्यावर ते आहे त्याला सॅम्युअल स्ट्रीटच नाव पडलं.

आता ही केस हल्ली सगळ्यात जास्त कुठे निघते, तर इस्रायलच्या ओलिसांच्या वादात. १९८५ ला तीन सैनिकांच्या बदल्यात ११५० कैदी सोडले तेव्हा माजी प्रमुख रब्बी श्लोमो गोरेन यांनी मिश्नाच्या त्याच वाक्यावर बोट ठेवून विरोध केला. गिलाद शालीत हा इस्रायली सैनिक २५ जून २००६ ला पकडला गेला, १८ ऑक्टोबर २०११ ला सुटला, बदल्यात १०२७ कैदी, मंत्रिमंडळात २६ विरुद्ध ३ मतं. सुटलेल्यांत याह्या सिनवार होता, पुढे गाझातल्या हमासचा म्होरक्या आणि ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यामागचा माणूस. ऑक्टोबर २०२३ मध्ये अडीचशेच्या आसपास माणसं गाझात ओढून नेली तेव्हा दोन्ही बाजूंनी परत रोथेनबुर्गच्या रब्बींचं नाव निघालं. काळ सोकावतो म्हणणाऱ्यांच्या हातात सिनवारचं नाव होतं, आणि त्या युक्तिवादात दम नाही असं मी म्हणणार नाही.

पण रब्बी मेईरांना साक्षीला बोलावताना लोक दोन गोष्टी गाळतात. एक म्हणजे मिश्नाचा नियम वर्गणीदारांसाठी आहे, ज्यांनी त्या माणसाला कुठे पाठवलेलं नव्हतं. सक्तीची भरती करून १९ वर्षांच्या पोराला सीमेवर उभं करणारं राज्य हे वर्गणीदार नाही, त्याचं देणं आधीच लागू झालेलं असतं, आणि शालीतच्या वेळी सुटकेच्या बाजूच्या कित्येक रब्बींचा मुद्दा तोच होता. दुसरी गोष्ट अजून साधी. एन्सिसहाइममध्ये नको म्हणणारा माणूस स्वतः बुरुजाच्या आत होता. बाहेरच्यांनी, शिष्यांनी, गावांनी, कोणीही नको म्हटलेलं नाही, ते चांदी गोळा करत होते. टीव्हीच्या स्टुडिओत बसून ओलिसाच्या आईला हे उदाहरण ऐकवणारा माणूस त्या गोष्टीतल्या कुठल्याच पात्राच्या जागी बसत नाही.